माझ्याकडे एमसीएसए 2012 (मायक्रोसॉफ्टचं विंडोज सर्व्हर 2012 चं सर्टिफिकेट) आहे, ऑफिसचे सर्व्हर आता विंडोज सर्व्हर 2025 वर जाणार आहेत. जुनं सर्टिफिकेट अपग्रेड करता येईल का, की सगळ्या परीक्षा पुन्हा?

अपग्रेड नाही करता येणार. तशी परीक्षा होती, 70-743. एमसीएसए 2012 वाल्यांनी ती एक दिली की 2016 चं सर्टिफिकेट मिळायचं. नव्याने येणाऱ्याला 70-740, 741 आणि 742 अशा तीन द्याव्या लागायच्या. पण 31 जानेवारी 2021 ला एमसीएसए, एमसीएसई, एमसीएसडी ही मायक्रोसॉफ्टची जुनी सर्टिफिकेटं सगळीच बंद झाली. (मूळ तारीख 30 जून 2020 होती, कोविडमुळे पुढे गेली.) 2019, 2022 किंवा 2025 च्या नावाचं एमसीएसए निघालंच नाही. गंमत बघा, 2012 आर2 वरचा सर्व्हर एका उडीत थेट 2025 वर जाऊ शकतो, मायक्रोसॉफ्टने ती सोय केलीय. सर्टिफिकेटला ती उडी नाही.

मी या चक्रात 1999 पासून आहे, तेव्हा विंडोज एनटी 4 वर एमसीएसई केलं होतं. फेब्रुवारी 2000 मध्ये विंडोज 2000 आलं आणि जाहीर झालं की एनटीवाल्यांचं सर्टिफिकेट 31 डिसेंबर 2001 नंतर चालणार नाही. आमच्यासाठी 70-240 नावाची एक खास परीक्षा ठेवली होती: फुकट, चार तासांची, आणि एकदाच देता येणारी. पास झालात तर चार परीक्षांचं क्रेडिट एकदम. नापास झालात तर त्या चारही वेगवेगळ्या, पैसे भरून द्यायच्या.

मी नापास झालो. दोष माझाच. दिवसभर गिऱ्हाइकांकडे सर्व्हिसच्या कॉलवर फिरायचो, रात्री पुस्तक उघडायचो, पण डोक्यात एनटीच बसलेलं. एनटीमध्ये एक मुख्य डोमेन कंट्रोलर (ऑफिसची सगळी लॉगिन तपासणारा सर्व्हर) आणि बाकीचे त्याचे बॅकअप. 2000 मध्ये सगळे बरोबरीचे. एनटीत विन्स (मशीनच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी जुनी सेवा) असलं की भागायचं. 2000 मध्ये ते काम डीएनएसकडे गेलं, आणि ते बिघडलं की लॉगिनपासून सगळंच गाडं अडतं. मी नव्या प्रश्नांना जुनी उत्तरं देत होतो. मग सुट्या परीक्षा द्यायला सुरुवात केली. दोन झाल्या आणि ऑक्टोबर 2001 मध्ये नवी घोषणा आली: जुनी सर्टिफिकेटं रद्द होणार नाहीत, फक्त त्यांच्यापुढे आवृत्तीचं नाव लागेल. उरलेल्या दोन नाही दिल्या तरी चाललं असतं. पण तोवर डीएनएस थोडंफार कळायला लागलं होतं, म्हणून दिल्या.

त्यामुळे तुमचं एमसीएसए 2012 'गेलं' असं समजू नका. बायोडेटावर आवृत्ती आणि वर्षासकट राहू द्या, त्यात खोटं काही नाही.

आता नवीन काय. विंडोज सर्व्हरसाठी सध्याचं सर्टिफिकेट म्हणजे विंडोज सर्व्हर हायब्रिड अॅडमिनिस्ट्रेटर असोसिएट, परीक्षा दोन: एझेड-800 आणि एझेड-801. अॅक्टिव्ह डिरेक्टरी (युजर आणि मशीनची मध्यवर्ती नोंद), हायपर-व्ही (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल सर्व्हर चालवणारी सोय), फाइल सर्व्हर हे तुमच्या ओळखीचं. त्यात आझूर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी जोडलेलं आझूर आर्क, आझूर फाइल सिंक, क्लाउडमधली ओळखव्यवस्था यांची भर आहे. तुमच्या ऑफिसात आझूरचं नावही नसेल तर हा भाग परक्या गावासारखा वाटेल. आणि याची मुदत एकच वर्ष. मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत घरी बसून एक छोटी ऑनलाइन चाचणी द्यायची, फी शून्य, जमली नाही तर पुन्हा द्यायची. इतकं सोपं असूनही लोक ही तारीख चुकवतात आणि मग दोन्ही परीक्षा पहिल्यापासून, पैसे भरून. मोबाइलमध्ये रिमाइंडर लावाच.

(लिनक्सवाल्यांचंही फार वेगळं नाही. रेड हॅटचं आरएचसीई सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, आणि आठव्या आवृत्तीपासून त्या परीक्षेचा गाभाच अनेक सर्व्हर एकदम सेट करणारं अॅन्सिबल झालाय. नुसत्या जुन्या सवयीवर बसाल तर माझ्या 70-240 सारखं होईल.)

करावं का? तुमची कंपनी मायक्रोसॉफ्टची पार्टनर असेल तर जरूर. पार्टनरच्या गुणांकनात सर्टिफिकेट असलेली माणसं मोजली जातात, म्हणजे गरज त्यांचीही आहे; फी त्यांच्याकडून मागा, लाजू नका. हे फक्त ऑफिसच्या मायग्रेशनसाठी हवं असेल, तर मी आधी लॅब करीन आणि परीक्षेचं नंतर बघीन.

लॅबला खर्च नाही. सर्व्हर 2025 ची चाचणी आवृत्ती 180 दिवस चालते, 2012 आर2 ची जुनी आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) ऑफिसात कुठेतरी पडलेली असेलच. 16 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हायपर-व्हीमध्ये 2012 आर2 चा डोमेन कंट्रोलर उभा करा आणि शेजारी 2025 चा जोडायचा प्रयत्न करा. तो अडेल. 2025 चा डोमेन कंट्रोलर घ्यायचा तर डोमेनची फंक्शनल लेव्हल (डोमेन कुठल्या आवृत्तीच्या सोयींवर चालतं तो टप्पा) किमान 2016 लागते, आणि 2012 आर2 चा एकही कंट्रोलर शिल्लक असेपर्यंत ती वर जात नाही. म्हणजे मध्ये 2022 चा एक कंट्रोलर आणायचा, पाचही एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणारी खास कामं) त्याच्यावर हलवायचे, जुना उतरवायचा, लेव्हल वाढवायची आणि मग 2025. वर म्हटलेली थेट उडी फाइल सर्व्हरसारख्या साध्या सर्व्हरसाठी ठीक. डोमेन कंट्रोलरवर तो प्रयोग करू नका.

मायग्रेशन झाल्यावर पहिला फोन बहुतेक अकाउंट्समधून येईल, की झेरॉक्स मशीनवरून स्कॅन फोल्डरमध्ये पडत नाहीये. जुनी मशीनं एसएमबी 1 (फाइल शेअरिंगची जुनी, असुरक्षित भाषा) बोलतात आणि नव्या सर्व्हरवर ते इन्स्टॉलच नसतं. ते परत चालू करू नका. मशीनचं फर्मवेअर बघा, नाहीतर स्कॅन ईमेलवर वळवा.

आणि घाई करा, कारण 2012 आर2 चा नेहमीचा सपोर्ट 10 ऑक्टोबर 2023 लाच संपलाय.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. तुमचं डोमेन मुळात 2003 च्या काळातलं असेल, तर सिसव्हॉल (सगळ्या कंट्रोलरांवर कॉपी होत राहणारं सामायिक फोल्डर) अजून एफआरएस या कॉपी करायच्या जुन्या पद्धतीवर चालत असण्याची शक्यता आहे, आणि तसं असेल तर 2019 किंवा त्यापुढचा कुठलाही कंट्रोलर त्या डोमेनमध्ये येणारच नाही. डोमेन कंट्रोलरवर डीएफएसआरमिग ही कमांड गेटग्लोबलस्टेट लावून चालवा (dfsrmig /getglobalstate). उत्तरात 'एलिमिनेटेड' आलं तर सुटलात. दुसरं काही आलं तर ते इथे कमेंटमध्ये टाका, पुढचं सांगतो.