बहीण टेक्सासमध्ये बाळंत झाली, दोन महिने रडतेच आहे. आम्ही चाळीसगावहून काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की ती फोन टाळते, उचललाच तर रडते, आणि जावई म्हणतात "होईल सवय". बाळंतपणानंतरचं साधं रडू दोन आठवड्यांत ओसरतं. दोन महिने टिकलंय म्हणजे हे डिप्रेशन असू शकतं. सवय होण्याची वाट बघू नका.

मी अमळनेरची. २०१९च्या जानेवारीत ओहायोत माझी मुलगी झाली. आईचा व्हिसा नाकारला गेला. गावी असते तर सव्वा महिना अंग चोळायला बाई, बाजेखाली शेगडी, येता-जाता डोकावणाऱ्या मावश्या. तिथे नवरा ऑफिसला गेला की खिडकीबाहेर बर्फ आणि घरात आम्ही दोघी. आईने कुणाच्या तरी बॅगेतून डिंकाचे लाडू पाठवले होते. स्टीलच्या डब्याला चिकटपट्टीचे चार वेढे होते. महिनाभर माझ्याच्याने ते सोडवले गेले नाहीत.

व्हिडिओ कॉलवर सगळे म्हणायचे, "कॅमेरा बाळाकडे कर." मी लगेच करायचे. माझा चेहरा लपायचा ना.

बाळाच्या तपासणीला गेलं की तिकडे बऱ्याच ठिकाणी आईलाही दहा प्रश्नांचा एक फॉर्म देतात, एडिनबर्ग नावाचा. मी सगळं छान असल्याच्या खुणा केल्या. नवरा शेजारी होता, आणि मनात भीती, की खरं लिहिलं तर पोरगी काढून नेतील, व्हिसाचं काहीतरी होईल. तुमची बहीणही असंच करत असेल. तिला स्पष्ट सांगा, की उदास वाटतं, उपचार हवेत, एवढं सांगितल्याने कुणी मूल नेत नाही.

चौथ्या महिन्यात एका रात्री आईने बाळाचं काहीच न विचारता विचारलं, "पोर झोपनी तं तुले नींद येस का?" नव्हती येत. मुलगी गाढ झोपलेली असायची आणि मी छताकडे बघत पडलेली. इंग्रजीत दहा वेळा लपवलं, ते अहिराणीत एका प्रश्नात बाहेर आलं. आईनेच मग जावयाला फोन केला. पुढच्या वेळी फॉर्म खरा भरला, तोही एकटीने बसून. समुपदेशन सुरू झालं आणि सर्ट्रालीन ही डिप्रेशनवरची गोळी. अंगावर पाजत असतानाही ही गोळी बरेच डॉक्टर देतात. मला महिन्याभराने फरक पडला.

अमेरिकेत नव्या आयांसाठी सरकारी हेल्पलाइन आहे, १-८३३-८५२-६२६२. चोवीस तास, मोफत, दुभाषाही मागता येतो. पण स्वतःला किंवा बाळाला काही करण्याचं ती बोलली, नसलेले आवाज ऐकू यायला लागले किंवा रात्रीमागून रात्री न झोपता भलतंसलतं बोलू लागली, तर एक मिनिटही एकटं ठेवायचं नाही. जावयांनी थेट ९११, म्हणजे तिकडचा तातडीच्या मदतीचा नंबर, लावायचा.

तुमच्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे तिच्याकडे सकाळचे साडेसात-साडेआठ. आजच लावा फोन, आणि आधी जावयांना सांगा, की ती बोलत असताना बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत जा.