पहिलं सीक्वेन्सिंग? आधी क्रोमॅटोग्राम उघड

जिवाणू ओळखायला सगळा जीनोम (त्याचा पूर्ण डीएनए) वाचायची घाई करू नकोस. १६एस आरआरएनए जनुकापासून (प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या एका आरएनएचं जनुक) सुरू कर. जेमतेम १५०० बेसचं (डीएनएच्या अक्षरांचं), आणि प्रत्येक जिवाणूत असतंच. कार्ल वूस यांनी १९७७ साली याच रेणूंच्या तुलनेतून आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्याच गटाचे सूक्ष्मजीव) वेगळे काढले, तेव्हा साधन जुनं असलं तरी लेचंपेचं नाही.

नवखे अडखळतात ते इथे:

- क्रोमॅटोग्राम (सीक्वेन्सिंग यंत्राने दिलेला शिखरांचा आलेख) न बघता थेट ब्लास्ट (डेटाबेसमध्ये जुळणारा क्रम शोधणं). सँगर रीडचे (सँगर पद्धतीने एका दमात वाचलेल्या क्रमाचे) पहिले वीस-तीस बेस म्हणजे निव्वळ गिचमीड, शिखरावर शिखर चढलेलं. ७००-८००च्या पुढेही तेच. छाटून टाक. मी पहिल्यांदा छाटलं नव्हतं. दोन दिवस 'नवी प्रजाती सापडली' म्हणून हवेत होतो!
- कल्चर (वाढवलेले जिवाणू) शुद्ध नसणं. मधल्या भागातही दुहेरी शिखरं दिसली, तर निमूटपणे पुन्हा स्ट्रीक कर (प्लेटवर रेघा ओढून एकच वसाहत वेगळी काढ).
- ब्लास्टमधलं पहिलं नाव डोळे झाकून उचलणं. डेटाबेसमध्ये चुकीची लेबलं असतात. टाइप स्ट्रेनशी (प्रजातीच्या अधिकृत नमुन्याशी) ताडून बघ.

आणि ९९ टक्के जुळलं म्हणजे प्रजाती ठरली, असं नाही. ई. कोलाय आणि शिगेला १६एसवरून भरवशाने वेगळे होत नाहीत. क्षयाचा जंतू आणि त्याचा भाऊबंद मायकोबॅक्टेरियम बोव्हिस तर या जनुकात हुबेहूब सारखे. अशा वेळी अहवालात फक्त गटाचं नाव लिही, पुढचं ठोकून देऊ नकोस.

वंशवृक्ष काढताना आउटग्रुप म्हणून एक लांबचा नातेवाईक घे. एमएलएसटी, एसएनपी वगैरे बारीक फरक शोधायच्या पद्धती नंतर बघू. पहिली फाइल छाटून झाली की सांग.