सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये शिवणकाम करायला परवानगी लागते का?

तुम्ही विचारलंय, नाशिकमधल्या फ्लॅटमध्ये एकटीने ब्लाउज शिवून द्यायचे आहेत, तर सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि गुमास्ता, म्हणजे दुकान-धंद्याची नोंदणी, लागेल का. ताई, एनओसी मागायला जाऊच नका. मीही नाशिकचीच, सोळा वर्षं शिवतेय, आणि एका कागदापायी माझी अख्खी लग्नसराई गेली.

२०२१ ची दिवाळी झाली आणि सोसायटीची नोटीस आली, ‘सदनिकेचा व्यावसायिक वापर तात्काळ बंद करावा.’ कारण काय, तर मशीनचा आवाज खाली जातो आणि जिन्यात परक्या बायकांच्या चपला असतात. आवाजाची तक्रार खरी होती. दुसऱ्याच दिवशी मी मशीनच्या चारही पायांखाली जुन्या सतरंजीच्या घड्या घातल्या आणि रात्री आठनंतर मोटार बंद ठेवायला लागले. विषय तिथेच मिटला असता. पण फ्लॅट मिस्टरांच्या नावावर. मोठ्या दिरांनी त्यांना सांगितलं, “चार लोकांत राहायचंय, लिहून दे आणि मोकळा हो.” ह्यांनी ‘यापुढे घरात शिवणकाम केले जाणार नाही’ अशा पत्रावर सही केली. मला विचारलंसुद्धा नाही. त्या दिवशी घरात अकरा ब्लाउज बेतून पडले होते, एकाची तर बाही टाचून झालेली. ते कापड मी घरोघर परत नेऊन दिलं. बेतलेलं कापड घेऊन ती बाई दुसऱ्या शिंपिणीकडे कुठल्या तोंडाने जाणार?

माझी एक गिऱ्हाईक आर्किटेक्टच्या ऑफिसात कामाला आहे, तिने नियम दाखवला. यूडीसीपीआर म्हणून राज्याची विकास नियंत्रण नियमावली आहे, डिसेंबर २०२० पासूनची, नाशिकला तीच लागू. रहिवासी भागात घरच्या घरी पूर्वापार चालणारे उद्योग चालतात असं त्यात लिहिलंय, आणि शिवणकाम, भरतकाम तर नाव घेऊन दिलंय. अटी दोनच. काम घरच्याच माणसांनी करायचं, पगारी माणूस ठेवायचा नाही. आणि मोटार वापरलीत तर विजेचा एकूण भार ०.७५ किलोवॅटच्या, म्हणजे १ हॉर्सपॉवरच्या आत हवा. माझ्या मशीनच्या मोटारीवर १०० वॅट छापलंय.

ती ओळ पेनने अधोरेखित करून मी कमिटीपुढे ठेवली. सेक्रेटरींनी दोनदा वाचली आणि म्हणाले, “पण वहिनी, तुमच्याच मिस्टरांनी लिहून दिलंय ना?” नियमावर एक शब्द नाही! ते पत्र मागे घ्यायचं दुसरं पत्र, त्याची पोच, मग पुढची बैठक, यात चार महिने गेले. मार्चमध्ये मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडे लागली होती.

विजेचं मीटर व्यावसायिक करावं लागेल अशीही भीती कोणीतरी घालेलच. घराच्या एका भागात धंदा असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या नि आधीच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटच्या आत असेल, तर महावितरण घरगुती दरच लावतं. बिलं जपून ठेवा.

गुमास्त्याचं म्हणाल तर २०१७ च्या कायद्यापासून इतक्या छोट्या कामाला नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. बँकेत धंद्याचं खातं उघडताना तिची पावती उपयोगी पडते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, आधारवर होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

हो, हे सगळं तुम्ही एकट्या शिवणार म्हणून. मदतीला एक मुलगी पगारावर ठेवलीत की ही सवलत गेली. खाण्याच्या पदार्थांना अन्न सुरक्षेचा कायदा लागतो, मुंबई महापालिकेची नियमावली वेगळी आहे. आणि सोसायटीचे उपविधी, म्हणजे तिचे स्वतःचे नियम, वाचा, शेजाऱ्याला खरोखर त्रास होत असेल तर कमिटी बोलणारच, तिथे नियम दाखवून भागत नाही, सतरंजीच घालावी लागते.

मोठे दीर आजही म्हणतात की लिहून दिल्यामुळे संबंध राहिले. संबंध सतरंजीने राहिले. खालच्या वहिनी आता माझ्याकडेच ब्लाउज टाकतात. तुमचा फ्लॅट यजमानांच्या नावावर असेल तर त्यांना आजच सांगून ठेवा, सेक्रेटरींनी कुठलाही कागद पुढे केला तरी तो आधी घरी आणायचा, सही नंतर.