तुमचे प्रश्न: सेकंडहँड लिनिया डिझेल घेऊ का?

मागच्या अंकात एवढंच विचारलं होतं की फियाट लिनियाची डिझेल गाडी अजून कोण कोण चालवतंय, आणि पत्रं आली ती अपेक्षेपेक्षा खूपच जास्त. गाडी 2019 पासून नवीन मिळत नाही तरी लोकांचा जीव तिच्यात किती अडकलाय ते वाचून बरं वाटलं. सगळी छापता येणार नाहीत, त्यामुळे जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतोय.

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही घरात पाच जण, आई-बाबा, मी, मिसेस आणि आठ वर्षांची मुलगी. कराडला राहतो, महिन्यातून दोनदा पुणे आणि वर्षातून चार-पाच वेळा कुंभार्ली घाटातून चिपळूणला सासुरवाडीला जाणं होतं. 2013 ची लिनिया मल्टीजेट, म्हणजे डिझेल, बघितलीये, एक हाती, 92 हजार चाललीये आणि किंमत आमच्या बजेटमध्ये बसते. आईला कंबरदुखी आहे, तिला ट्रायलमध्ये मागची सीट खूप आवडली. पण मित्र, मेव्हणा, शेजारी सगळे म्हणतात फियाट घेऊ नको, पार्ट मिळत नाहीत. काय करू?
— एक वाचक, कराड

उत्तर: आधी एक गोष्ट सांगा, कराडमध्ये किंवा साताऱ्यात लिनिया किंवा फियाटचीच पुंटो नियमित दुरुस्त करणारा मिस्त्री तुम्हाला माहितीये का? नसेल तर गाडी नंतर, मिस्त्री आधी शोधा. एवढी पत्रं वाचली, त्यात खूश असलेल्या जवळपास प्रत्येकाने आपल्या मिस्त्रीबद्दल लिहिलंय आणि वैतागलेल्या प्रत्येकाने तो सापडेपर्यंत किती फिरलो ते लिहिलंय, म्हणजे गाडी दोघांकडे तीच.

आता गाडीबद्दल. लिनिया आपल्याकडे आली जानेवारी 2009 मध्ये आणि बनायची आपल्या रांजणगावात, पुणे-नगर रोडवर, टाटा आणि फियाटच्या भागीदारीतल्या कारखान्यात. आज तिथे जीप बनतात. डिझेलचं इंजिन 1.3 मल्टीजेट, 1248 सीसी, सोळा व्हॉल्व्ह, लिनियात ते साधारण 93 पीएस ताकद आणि 209 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, देतं. कॉमन रेल, म्हणजे एकाच पाइपातून मोठ्या दाबाने सगळ्या सिलिंडरना डिझेल देणं, हे तंत्रच मुळात फियाटच्या इंजिनियर लोकांनी पुढे आणलं, नंतर ते बॉश या जर्मन कंपनीकडे गेलं आणि 1997 ला अल्फा रोमिओ 156 मध्ये ते पहिल्यांदा प्रवासी गाडीत आलं. त्याच घराण्यातलं हे छोटं इंजिन 2003 चं, आणि तुमचे शेजारी ज्या स्विफ्ट डिझेलचं कौतुक करत असतील तिच्यात हेच इंजिन आहे! डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, टाटाची व्हिस्टा आणि मांझा, सगळीकडे हेच. त्यामुळे 'पार्ट मिळत नाहीत' हे इंजिनाच्या बाबतीत खरं नाही.

खरं कुठे आहे ते पण सांगतो. हेडलाइट, टेललाइट, बंपर, दाराचे हँडल, काचेच्या मोटरी, आतल्या क्लिपा, हे जे फक्त लिनियाचं आहे ते शोधावं लागतं. नाशिकच्या एका वाचकाने टेललाइटसाठी दीड महिना वाट बघितली आणि शेवटी कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून आणली. तुम्ही घेताय त्या गाडीचे दिवे, काचा, हँडल सगळे स्वतः चालवून बघा, कारण इंजिनाच्या नादात लोक हेच बघायचं विसरतात.

आईंना मागची सीट आवडली यात मला काहीच नवल वाटत नाही. खड्ड्यावरून ही गाडी जशी जाते तशी तिच्या किमतीतली दुसरी गाडी मी तरी चालवलेली नाही, हायवेला 100 च्या वेगात स्टिअरिंग असं जड आणि स्थिर राहतं की शेजारी बसलेलं माणूस झोपून जातं. डिकी 500 लिटरची, चिपळूणहून येताना आंब्याच्या पेट्या आणि पाच जणांच्या बॅगा दोन्ही मावतील.

पण कुंभार्ली घाट म्हणालात म्हणून थांबून सांगतो. या इंजिनाला 2000 आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) खाली जीव नसतो, टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, फिरायला लागला की मगच गाडी उठते. गाडी रिकामी असली तरी सव्वा टनाच्या आसपास, त्यात पाच माणसं बसली आणि वळणावर तुम्ही तिसऱ्यावरच राहिलात की ती घुटमळते, मग माणूस हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धं दाबून ठेवून, खेचतो आणि क्लच प्लेट जळते. लिनियाचा क्लच लवकर जातो असं बऱ्याच जणांनी लिहिलंय पण त्याच पत्रांत खाली 'रोजचं ऑफिस, सिग्नल, ट्रॅफिक' असं पण लिहिलंय. वळण यायच्या आधीच दुसरा गिअर टाका, इंजिन फिरतं ठेवा, घाट मजेत चढते. क्लचचं पेडल जड आहे, मिसेस चालवणार असतील तर त्यांनाही ट्रायल घ्यायला लावा, एकट्याने ठरवू नका.

बघायला जाल तेव्हा सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. गार इंजिन चालू झाल्यावर पहिल्या काही सेकंदात साखळी घासल्यासारखा खरखर आवाज येतो का ते ऐका. या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. ऑइल बसतं फक्त तीन लिटरच्या आसपास, त्यामुळे ते कमी झालं किंवा जुनं होऊन काळंघट्ट झालं की पहिला त्रास चेनला. कंपनीच्या पुस्तकात 15,000 किमीला ऑइल बदला असं आहे पण आपली धूळ, आपलं ट्रॅफिक बघता मी 7-8 हजारालाच बदलतो. माझ्याकडे 2011 ची आहे, 1,68,000 झाली, इंजिन एकदाही उघडलं नाही. एकदाच धडा मिळाला, प्रवासात एका गॅरेजवाल्याने ट्रकचं जाड ऑइल भरलं आणि मी लक्ष दिलं नाही, पुढे महिनाभर सकाळी सकाळी चेनचा आवाज ऐकून पोटात गोळा यायचा. बरोबर ग्रेडचं सिंथेटिक भरल्यावर गेला. तेव्हापासून ऑइलचा डबा माझ्यासमोर फोडायला लावतो.

92 हजाराचं सर्व्हिस रेकॉर्ड मागा. बिलं नसतील तर तो आकडा धरूच नका, मीटर मागे नेलेल्या गाड्या बाजारात भरपूर आहेत. बिलं असतील, गार इंजिन शांत असेल आणि मिस्त्री सापडला तर घ्या, मेव्हण्यांना पहिल्या चिपळूण ट्रिपला मागच्या सीटवर बसवा.

प्रश्न: सर, मी पुण्यात कोथरूडला राहते, ऑफिस सहा किलोमीटरवर. नवऱ्याला लिनिया डिझेलच हवीये कारण अॅव्हरेज चांगलं. महिन्याला आमचं रनिंग 400-500 किमी असेल.
— एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, नका घेऊ. मला ही गाडी मनापासून आवडते म्हणूनच सांगतोय. ज्यांनी 2010-12 ला डिझेल घेतली त्यांचा हिशोब बरोबर होता, तेव्हा पेट्रोल-डिझेलच्या भावात मोठा फरक होता, पण ऑक्टोबर 2014 ला डिझेलच्या भावावरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि तो फरक आता तसा राहिला नाही. पत्रांमधून अॅव्हरेज हायवेला 18 ते 20 आणि शहरात 13-14 असं येतंय, तुम्ही शहरातच फिरणार. शिवाय सहा किलोमीटरात हे इंजिन नीट तापत पण नाही. न तापलेलं डिझेल इंजिन काजळी करतं, ती ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) आणि टर्बोच्या पात्यांवर बसते, मग एक दिवस पिकअप गायब होतो आणि लोक म्हणतात इटालियन गाडी नाजूक! नवऱ्याला लिनियाच हवी असेल तर 1.4 टी-जेट पेट्रोल बघा, 114 पीएसची, चालवायला फार सुंदर. पेट्रोल पिते, पण 500 किमीला तेवढं चालून जाईल.

प्रश्न: दिल्ली पासिंगची लिनिया फार स्वस्त मिळतीये, आणावी का?
— एक वाचक, संभाजीनगर

उत्तर: स्वस्त आहे कारण तिकडे डिझेल गाडीला 10 वर्षांची अट लागली आणि लोकांनी त्या मिळेल त्या भावात बाहेर काढल्या. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), इथला रोड टॅक्स, एजंटचे पैसे आणि चार महिन्यांची धावपळ मिळवलीत तर स्वस्ताई उरत नाही. इथलीच बघा.

प्रश्न: माझ्या वडिलांनी 2010 मध्ये लिनिया डिझेल घेतली होती. ते दोन वर्षांपूर्वी गेले. गाडी माझ्या नावावर करून घेतलीये पण आता 15 वर्षं पूर्ण होतायत. सगळे म्हणतात भंगारात द्या. माझं मन होत नाहीये. महाराष्ट्रात अजून चालवता येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: येईल. दिल्लीचा नियम आपल्याला लागू नाही. आरसीची मुदत संपायच्या आधीच्या 60 दिवसांत अर्ज करता येतो, आरटीओत गाडी दाखवायची, फिटनेस पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात. कारसाठी नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 ला 600 वरून 5,000 रुपये झाली, वर पर्यावरण कर वेगळा. इन्शुरन्स, पीयूसी चालू हवी आणि नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावलेली हवी, एप्रिल 2019 च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती लागतेच.

पासिंगला नेण्याआधी पुढच्या चाकांचे बुश आणि लिंक रॉड (सस्पेन्शनचे छोटे पार्ट) बघून घ्या, एवढ्या वर्षांत ते गेलेले असतात आणि ठकठक आवाज येत असेल तर तेच, खर्च फार नाही. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या असतील तर पॉलिश करून घ्या, नवीन शोधत बसू नका. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदला. आणि गाडी बरेच दिवस उभी असेल तर आधी ऑइल बदलून मग एखाद्या रविवारी सकाळी हायवेला साताऱ्यापर्यंत नेऊन आणा, चौथ्या गिअरवर जरा मोकळी पळवा म्हणजे आत साठलेली काजळी निघेल आणि धुराच्या टेस्टला त्रास होणार नाही. बाबांनी ठेवलेली सर्व्हिसची बिलं सापडली तर मिस्त्रीला दाखवा, शेवटची चेन आणि क्लच कधी बदललाय ते त्यात असेल.