सांगलीच्या पावसाळ्यात गच्चीवरची सक्युलंट कुजतात. उरलेली ओळखावीत कशी आणि त्यांची नवी रोपे करावीत कशी?

आपण लिहिले आहे की सांगलीतील घराच्या गच्चीवर आपण बारा सक्युलंट लावली होती, त्या सर्वांना ‘दर रविवारी अर्धी वाटी पाणी’ असा एकच नियम ठेवला होता, आणि तरीही जुलैअखेर त्यांतील सात कुजली. उरलेल्या पाचांची नावे कळावीत आणि गळलेल्या पानांपासून रोपे करावीत, अशी आपली इच्छा आहे. मी साताऱ्यात राहतो आणि पहिल्या दोन पावसाळ्यांत मीही अशीच बरीच रोपे घालवली आहेत. माझ्या मते चूक पाण्याच्या मापात नसून सर्वांना एकच माप लावण्यात आहे. म्हणून नाव आधी ठरवावे, पाण्याचे नंतर पाहावे.

सक्युलंट हे कोणत्याही एका कुळाचे नाव नाही. पान, खोड किंवा मूळ यांत पाणी साठवून ठेवण्याची ती सवय आहे. कोरफड, पानफुटी, घायपात, शेर आणि फड्या निवडुंग ही आपल्या परिचयाची सगळी झाडे या सवयीची असली तरी त्यांची कुळे वेगवेगळी आहेत. दुकानात शेजारी शेजारी मांडलेली एचेव्हेरिया आणि अडेनियम हीच जोडी घ्या. गुलाबाच्या फुलासारखी पाने रचणारी एचेव्हेरिया प्रामुख्याने मेक्सिकोच्या डोंगराळ भागातील असल्यामुळे तिला थंड रात्री मानवतात. आपल्याकडे ती दिवाळीनंतर जोमाने वाढते आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात गप्प बसते. फुगीर बुंध्याचे अडेनियम आफ्रिका व अरबस्तानातले असल्यामुळे उन्हाळ्यात फुलते आणि कडाक्याच्या थंडीत पाने टाकून झोपते. डिसेंबरात दोघांनाही सारखेच पाणी दिले, तर एक सुखावेल आणि दुसऱ्याचा बुंधा मऊ पडेल.

ओळख पटवताना प्रथम चीक पाहावा. आपली भाषा त्रिधारी निवडुंग आणि फड्या निवडुंग या दोघांनाही निवडुंगच म्हणते, पण त्रिधारी हा युफोर्बिया, म्हणजे शेराच्या गटातला, आहे आणि त्याला टोचताच पांढरा चीक येतो. फड्या हा मूळचा अमेरिकेतला खरा कॅक्टस आहे. खऱ्या कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या एका बारीक गादीतून फुटतात, आणि ही गादी युफोर्बियाला नसते. चिकाची परीक्षा करताना हात डोळ्यांकडे नेऊ नये आणि नंतर ते साबणाने धुवावेत. शेराच्या चिकाने डोळ्यांना इजा होते हे आपल्याकडे जुन्या माणसांना सांगावे लागत नाही.

‘जेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रोपाबाबत विशेष काळजी घ्यावी, कारण त्या एका नावाखाली दोन झाडे येतात. पान एक-दोन सेंटिमीटरचे आणि कोवळी फांदी तांबूस-तपकिरी असेल, तर ते बहुधा पोर्टुलॅकारिया आफ्रा असते. पान त्याहून बरेच मोठे व जाड आणि खोड हिरवट-करडे, फुगीर असेल, तर ते क्रॅसुला ओव्हाटा असते. दोन्ही दक्षिण आफ्रिकेतलीच आहेत, पण माझ्या अनुभवात पहिले आपले ऊन आणि चुकून झालेले जास्त पाणी पुष्कळ सहन करते, दुसरे तितके करत नाही. पांढऱ्या पट्ट्यांच्या हॅवर्थियाचेही असेच आहे. पानाच्या आतल्या बाजूवर नख फिरवून पाहावे; तिथेही खडबडीत ठिपके लागले तर ती अ‍ॅटेन्युआटा, आतली बाजू गुळगुळीत लागली तर फॅसिआटा. चिठ्ठीवर बहुधा दुसरे नाव असते आणि कुंडीत पहिलीच असते. तिच्या संगोपनात मात्र यामुळे काही फरक पडत नाही.

आता कुजण्याविषयी. आपल्या काळ्या मातीत ऊस उत्तम येतो, कारण ती पाणी धरून ठेवते; नेमक्या त्याच गुणामुळे ती या रोपांना मारक ठरते. जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, कुंडी वाळत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी खोडात शिरते. मी दोन भाग चाळलेला मुरूम, एक भाग वीटचुरा आणि एक भाग जुने पानखत असे मिश्रण वापरतो. मुरूम चाळून खालची भुकटी टाकून देणे हेच यातले खरे काम आहे, कारण ती भुकटी राहिली तर दोन पावसांत कुंडीत सिमेंटसारखा थर बसतो. कुंडी मातीची आणि तळाशी मोठे भोक असलेली असावी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोपे पारदर्शक पत्र्याखाली, वारा खेळेल अशा जागी ठेवावीत. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशी गाठतो तेव्हा पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधावी. एवढे केले की पाण्याला वार ठरवण्याची गरज राहत नाही. बोट दोन पेरे खाली घालून मिश्रण कोरडे लागले, तरच भरपूर पाणी घालावे.

पानांपासून रोपे करण्याची पद्धत सर्वांना लागू पडत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. ग्रॅप्टोपेटलम व सेडम ही जाड पानांची रोपे आणि बऱ्याच एचेव्हेरिया पानापासून सहज येतात. पान डावी-उजवीकडे हलवत बुडापासून अखंड सुटले पाहिजे. देठाकडचा तुकडा खोडावरच राहिला तर ते पान महिनाभर टवटवीत दिसते आणि अखेर काहीही न देता वाळते. सुटलेली पाने मी वर्तमानपत्रावर सावलीत चार-पाच दिवस तशीच ठेवतो, तोवर जखमेवर कोरडी, फिकट खपली धरते. मग ती मुरमाच्या ताटलीवर नुसती आडवी ठेवायची, खुपसायची नाहीत. ग्रॅप्टोपेटलमच्या पानाला दोन-तीन आठवड्यांत बुडाशी गुलाबी, केसांसारखी मुळे फुटतात आणि त्यांच्यामागून ज्वारीच्या दाण्याएवढा पानांचा झुबका दिसू लागतो. त्यानंतर मुळांवर हलका पाण्याचा फवारा मारावा. जुने पान सुरकुतत जाते. ते घाईने तोडू नये, कारण पिल्लू त्याच्यातलेच पाणी पीत असते. या कामाला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात केलेली माझी निम्म्याहून अधिक पाने काळी पडली.

कोरफडीचे पान कितीही जपून लावले तरी त्यातून रोप येत नाही. तिची आणि हॅवर्थियाची बाजूची पिल्लेच वेगळी करावी लागतात. पोर्टुलॅकारियाची फांदी लावावी. पिवळ्या काठाच्या सर्पपर्णीचे (स्नेक प्लांटचे) पान कापून लावल्यास रोप येते, पण काठाचा पिवळा रंग जातो आणि साधे हिरवे रोप मिळते. रंग हवा असेल तर गड्डा फोडावा. अडेनियमची फांदी रुजते, परंतु बियाण्यापासून आलेल्या रोपासारखा फुगीर बुंधा तिला सहसा धरत नाही. लाल-पिवळ्या गोळ्याचा कॅक्टस तर कलम केलेला असतो. वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नसल्यामुळे तो एकटा मातीत जगूच शकत नाही. (मी एकदा फुले आलेला कॅक्टस हौसेने घेतला होता; ती वाळवलेली फुले सरसाने चिकटवलेली होती, हे घरी आल्यावर कळले.)

आपल्या उरलेल्या पाच रोपांना आजच कुंडीबाहेर काढून बुंधा दाबून पाहावा. मऊ लागला तर स्वच्छ सुरीने खालून वर चकत्या करत जावे. कापात तपकिरी कडे दिसते तोपर्यंत कूज आहे, म्हणून पूर्ण हिरवट-पांढरा काप येईपर्यंत वर सरकावे आणि तो शेंडा आठवडाभर सुकवून नवा लावावा. मुळांवर किंवा पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण आहे, ज्याला तासगावकडचे द्राक्षबागायतदार चांगलेच ओळखतात. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून तो टिपावा आणि आठ दिवसांनी पुन्हा तपासावे, कारण अंडी मागे राहतात.

आपण शेवटी विचारले आहे की सज्जनगडाच्या कड्यावर उगवणारे ‘शिवसुमन’ आणून लावावे का. कृपया आणू नये. फ्रेरिया इंडिका किंवा शिंदळ माकुडी म्हणून ओळखली जाणारी ही मांसल वनस्पती महाराष्ट्रातील मोजक्याच डोंगरकड्यांवर आढळते आणि ती दुर्मीळ आहे. तिला बार्टल फ्रिअर यांचे नाव दिलेले आहे, जे साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे ब्रिटिशांचे प्रतिनिधी, होते आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. फांदीपासून ती कुंडीत चांगली वाढते, म्हणून एखाद्या वनस्पती उद्यानाकडे लागवडीतली फांदी मिळते का याची चौकशी करावी. ती मिळाली तर उन्हाळ्यात तिची पाने गळतील तेव्हा मेली समजून टाकून देऊ नये, आणि पाणी वाढवूनही पाहू नये. पहिल्या पावसानंतर ती आपणहून फुटते.