भट्टी अधिक तापवली म्हणजे तांबे शुद्ध होते का?

प्रश्न : आमच्या कारखान्यात तांब्याचे ओतकाम चालते. तांब्याच्या धातुकातील आर्सेनिक भाजतानाच धूर होऊन निघून जाते, असे वाचले. मग भट्टी आणखी तापवल्यास मुशीतील उरलेली अशुद्धीही उडून जायला हवी. तसे का होत नाही?
– एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : अशुद्धी उडेल की राहील, हे केवळ तापमानावर नव्हे, तर तिला हवा किती मिळते आणि ती कशाशी जोडलेली आहे यावरही ठरते. एनार्जाइट हे तांबे, आर्सेनिक व गंधक यांचे खनिज पाहा. त्यात वजनाने सुमारे १९ टक्के आर्सेनिक असते. ६५० ते ७०० अंश सेल्सिअसला, बेताच्या हवेत भाजल्यास ते फुटते, आधी गंधकाची वाफ सुटते, पाठोपाठ आर्सेनिक सल्फाइड वायुरूपाने निघते आणि पुढे हवेत जळून त्याचा सोमल, म्हणजे आर्सेनिकचे ऑक्साइड, होतो. सोमल ४६५ अंशांनाच उकळत असल्याने तो वायूंबरोबर वाहत जातो आणि वायू निववल्यावर पांढऱ्या भुकटीच्या रूपात धरता येतो. हा धूर अत्यंत विषारी असल्याने असे धातुक साध्या कारखान्यात कधीही तापवू नये. चिलीतील मिनिस्त्रो हालेस या तांब्याच्या खाणीवर धातुक याच तत्त्वावर भाजतात. मात्र हवा जास्त झाली, तर आर्सेनिकचे ऑक्सिडीकरण पुढच्या पायरीवर जाऊन लोह व तांबे यांच्याशी त्याची आर्सेनेटे बनतात. ती उडत नाहीत, भाजलेल्या मालातच अडकून बसतात. भाजणीतली खरी कसोटी हवेचे हे माप सांभाळण्यातच आहे, असे माझे मत आहे. धातुकातील अँटिमनी ही दुसरी अशुद्धी त्यामानाने कमीच उडते.

आपल्या मुशीतील स्थिती निराळी आहे. तांबे १०८५ अंशांना वितळते आणि त्यात विरघळलेले आर्सेनिक इतके घट्ट धरून राहते की १२०० अंशांपर्यंत नेऊनही ते फारसे सुटत नाही. उलट जास्त तापलेला रस हायड्रोजन शोषतो आणि ओतीव भागात छिद्रे पडतात. शुद्धीकरणाच्या कारखान्यात वितळलेल्या तांब्यात हवा फुंकून सोडा ॲश व चुना घालतात, तेव्हा आर्सेनिक व अँटिमनी मळीत उतरतात. बिस्मथ या आणखी एका अशुद्धीला ही मात्रा लागू पडत नाही. ते टक्क्याच्या काही हजाराव्या भागाइतके असले, तरी स्फटिककणांच्या सीमांवर साचून तांबे ठिसूळ करते. त्याला वेगळे करण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे विद्युत शुद्धीकरण. म्हणून कॅथोड (विद्युत शुद्धीकरणातून मिळणारा तांब्याचा पत्रा) घेताना, आणि भंगार घेताना तर नक्कीच, तपासणी अहवालातील बिस्मथचा आकडा आधी पाहावा.