कारच्या मागच्या चाकातून घुमल्यासारखा आवाज येतो. घरी हब बदलताना स्पिंडलही बदलावा लागेल का?

स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो दांडा) गुळगुळीत असेल तर फक्त हब (चाक ज्यावर बसतं तो बेअरिंगचा मधला भाग) बदला. त्यावर खाच पडली असेल, तो तापून निळा पडला असेल किंवा आटे गेले असतील, तर दोन्ही बदला. झिजलेल्या स्पिंडलवर बेअरिंगची आतली रिंग पकड सोडून फिरते आणि नवं बेअरिंगही लवकर जातं.

पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर कधीच नको) आणि हँडब्रेक सोडा, नाहीतर ड्रम निघणार नाही. स्पिंडल बोल्टने बसवलेला असेल तर बहुधा तेच बोल्ट ब्रेकची मागची प्लेटही धरतात. ते काढल्यावर प्लेट तारेने बांधा, ब्रेकच्या पाइपवर लोंबू देऊ नका. स्पिंडलमागे शिम (धातूची पातळ पट्टी) निघाली तर त्याच जागी, त्याच दिशेने परत लावा. चाकाचा कोन तिच्यावर ठरतो.

सगळ्यात जास्त चुका नट आवळताना होतात:

- सीलबंद बेअरिंगचा हब: नवा नट, टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते मोजणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याइतका घट्ट.
- टेपर रोलर (निमुळत्या रोलरचं, सुटं बेअरिंग): ग्रीस दाबून भरा, हब फिरवत नट आवळा, मग सैल करून जेमतेम हाताने घट्ट ठेवा, नवी स्प्लिट पिन घाला. इथे जोर लावलात तर बेअरिंग तापून जळतं.

हे मागे ड्रम ब्रेक असलेल्या फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्यांसाठी आहे. काहींमध्ये स्पिंडल ॲक्सललाच वेल्ड केलेला असतो. तो घरी बदलता येत नाही.